तेरा दिवस आणि तीन वर्षं

माणूस गेलेल्या घरात तेरा दिवस प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. दाराशी कोण बसेल, आल्यागेल्याला पाणी कोण देईल, शेजारच्या कोणत्या घरून भाकरी-पिठलं येईल, हे कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणाचं चुकतही नाही. आमच्याकडे, घाटंजी-आर्णीच्या पट्ट्यात, बायका आत भिंतीला टेकून बसतात. फाट्यावर एसटी थांबते, पाहुण्यांचा घोळका अंगणात शिरतो आणि आतून हेल उठतो. गेलेल्याला हाक मारत, त्याच्या सवयी, अर्धी राहिलेली कामं, त्यानं शेवटचं काय खाल्लं, कुणाला काय बोलला, हे सगळं सुरात सांगत बायका रडतात. आलेल्या बायका गळ्यात पडतात. मग तो सूर हळूहळू उतरतो. कुणीतरी डोळ्यांना पदर लावून विचारतं, गाडी कितीची होती? चहा येतो. पऱ्हाटीचं, तुरीचं बोलणं निघतं. तासाभरानं दुसरी गाडी येते आणि हेल पुन्हा उठतो. पहिल्या वेळेइतकाच खरा.

शहरातून आलेल्या पाहुण्यांना हे रडणं दिखाऊ वाटतं. आत्ता तर ही बाई शेंगांच्या भावाबद्दल बोलत होती आणि लगेच डोळ्यांतून धारा कशा, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी नाटक शिकले नसते तर त्यांना काय उत्तर द्यावं हे मला सुचलं नसतं.

नाटक शिकायला मी पुण्याला गेले. तिथल्या विद्यापीठातलं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. संगीत, नृत्य आणि नाट्य या तिन्ही कला तिथे एकाच आवारात शिकवल्या जातात. सतीश आळेकर अनेक वर्षं या केंद्राचे प्रमुख होते. अंगणमंचावर सकाळी आमचे व्यायाम चालायचे तेव्हा पलीकडून तानपुऱ्याचा आणि घुंगरांचा आवाज यायचा. ज्या मुलीनं तोवर गणेशोत्सवातली नाटकं, कॉलेजची एकांकिका आणि युवा महोत्सवाचा मंडप एवढंच पाहिलं होतं, तिला नाटक ही रोज सकाळी उठून करायची गोष्ट आहे हेच नवं होतं.

निघायच्या आधी बाबांनी विचारलं होतं, "नाटक शिकाले तीन वर्सं लागतात? पोयाच्या झडत्या आमाले कोनं शिकवल्या?"

प्रश्न मनापासूनचा होता. पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर तोरणाखाली बैलजोड्या रांगेनं उभ्या असतात. डफडी वाजत असतात, घुंगरमाळा वाजत असतात, पोरं ओरडत असतात. या सगळ्या गदारोळात एक माणूस हात वर करतो आणि झडती म्हणतो. त्यात देवाचं नाव असतं, बैलाचं कौतुक असतं, सावकार असतो, सरकार असतं, कापसाचा पडलेला भाव असतो. माइक नसतो. तरी शेवटच्या जोडीपाशी उभ्या माणसाला अक्षर न् अक्षर ऐकू जातं, कारण पाळी आली की त्याला उलटी झडती द्यायची असते. माझे बाबा गावात नावाजलेले. विद्यापीठात आम्हाला फरशीवर उताणं झोपवून श्वास पोटातून घ्यायला, खर्ज लावायला, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकवत तेव्हा मला सारखे बाबा दिसायचे. हे त्यांना येत होतं. कुणी न शिकवता.

मग तीन वर्षं कशासाठी? बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या वर्षी मिळालं, आणि ते आवाजाच्या तासाला मिळालं नाही.

अभिनयाच्या वर्गात तेव्हा स्तानिस्लावस्की चालू होता. के. नारायण काळे यांनी मराठीत आणलेलं 'अभिनय साधना' आमच्या सगळ्यांच्या पिशवीत असे. त्यातली भावस्मृतीची कल्पना तरुण नटाला फार भुलवते. आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग आठवायचा, त्याचा वास, उजेड, हाताला लागलेला स्पर्श जागा करायचा आणि त्यातून उठणारी भावना भूमिकेला द्यायची. सरांनी प्रत्येकाला एक आठवण घेऊन यायला सांगितलं. मी मोठ्या बाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, जाण्याची आठवण नेली. ते कापूस वेचणीच्या दिवसांत गेले. कसे गेले ते यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला सांगावं लागणार नाही.

मी वर्गाच्या मध्यभागी बसले आणि गोठ्यातल्या वासापासून सुरुवात केली. थोड्याच वेळात मला आसपासचं काही दिसेना. वर्ग स्तब्ध झाला होता, दोघीतिघी रडत होत्या. सर थांबले, मला पाणी दिलं, पुष्कळ वेळ जाऊ दिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "उद्या संध्याकाळी सातला हे परत करशील? परवाही?"

मला जमणार नव्हतं. कदाचित काहीच आलं नसतं, किंवा आलं असतं ते थांबलं नसतं. सर म्हणाले, ही आठवण बाजूला ठेव, हिला हात लावू नकोस. मग त्यांनी ली स्ट्रासबर्गचं सांगितलं. न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओत भावस्मृतीवर ज्यानं सर्वांत जास्त भर दिला, त्याचंही म्हणणं होतं की सात वर्षांपेक्षा ताजी आठवण नटानं वापरू नये. तिच्यावर अजून खपली धरलेली नसते. माझी आठवण तेवढी जुनी नव्हती. त्या दिवशी सरांनी मला थांबवलं हे मी माझ्या शिक्षणातलं सर्वांत मोठं देणं मानते. वर्गाला रडवणारी मुलगी कुठल्याही शिक्षकाला आवडून जाते. तिला तसंच रडू देणं त्यांना सोपं होतं.

रात्री मी हिशेब करत बसले होते. आमच्या गावात दुःखाला तेरा दिवस मिळतात. चौदाव्या दिवशी बाईनं खुरपं घेऊन वावरात जायचं असतं. तिकडे नटाला मात्र सात वर्षं थांबायला सांगतात.

त्याच सत्रात आम्ही महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'वर काम करत होतो. एलकुंचवारांचा जन्म १९३९ सालचा, पारव्याचा. पारवा घाटंजी तालुक्यात आहे, आमच्या भागातलंच. ते कुठल्या नाट्यविद्यालयात शिकले नाहीत. नागपुरात विजया मेहतांनी दिग्दर्शित केलेलं तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो' पाहिलं आणि तिथून त्यांना नाटकानं धरलं. धरमपेठेतल्या कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी नाटकं लिहिली. १९८५ साली विजयाबाईंनीच 'वाडा' रंगभूमीवर आणलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' आली. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग करून दाखवली, आठ-नऊ तासांचा प्रयोग. हे सगळं मी पुण्यात शिकले. पारव्यावरून जाणाऱ्या एसटीत मी किती वेळा बसले असेन, पण त्या गावाचं नाटकाशी काही नातं आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळांत ते अजूनही सांगितलं जात नाही याचा मला राग येतो.

'वाडा चिरेबंदी' उघडतं तेव्हा तात्याजी गेलेले असतात. मुंबईचा मुलगा-सून येतात. तेरवीवर किती खर्च करायचा, गाव जेवू घालायचं की नाही, घराण्याचं नाव राखायचं की उरलेली पुंजी, यावरून त्या घरात साठलेलं सगळं वर येतं. दारासमोर गंजलेला ट्रॅक्टर उभा आहे, येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो. वर्गात आम्ही नाटकाच्या आधी काय काय घडलं असेल याची मोठी यादी केली. शेत किती, कूळकायद्यात गेलं किती, दागिने कुणाच्या ताब्यात, स्वयंपाकघराचं दार कोणत्या बाजूला. माझ्या वर्गमित्रांना ते तर्कानं काढावं लागत होतं. मला आमच्या गावातली तीन-चार घरं डोळ्यांसमोर होती. तरी सांगते, त्या घरांकडे मी प्रथम नीट पाहिलं ते पुण्यातल्या त्या वर्गात बसून. दारातला बंद पडलेला ट्रॅक्टर रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. तो तिथे का आहे आणि कुणी हलवत का नाही, हे विचारायला मला सहाशे किलोमीटर दूर जावं लागलं.

मला दादी करायला दिली. तात्याजींची म्हातारी आई. मुलगा गेला हे तिच्या ध्यानात राहत नाही, ती त्याचीच चौकशी करत राहते. वाक्यं थोडी, आणि तीच ती. विशीतल्या मुलीनं म्हातारी करायची म्हणजे पाठ वाकवून आवाज कापरा करायचा, तो मी आधी करून पाहिला. सरांनी सगळं काढून टाकायला लावलं. दादीला दुःख नाही, ते बाकीच्यांना आहे. तिला फक्त वाट पाहायची आहे, असं ते म्हणाले. पावलांचा आवाज कोणत्या दाराकडून येतो, तो कुणाचा आहे, चालण्यावरून ओळखू येतो का, एवढंच काम तू कर. स्तानिस्लावस्की स्वतःही उतारवयात भावस्मृतीकडून याच वाटेनं आला होता: भावनेच्या मागे लागू नका, कृती नेमकी करा. मी दोन आठवडे नुसती ऐकत बसले. दार वाजलं की मान किती वळते, हातातली माळ कुठे थांबते, कुणी उत्तर दिलं नाही तर बोटं काय करतात. आणि मग ते वाक्य दर वेळी नवं यायला लागलं. मी ते नवं करत नव्हते. दर वेळी कुणीतरी खरंच येत होतं आणि दर वेळी मला खरंच विचारायचं होतं.

त्या तालमीत एक दिवस मला भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या बायका आठवल्या. त्या काय करतात ते मला दिसलं. त्या रडत नाहीत, सांगतात. आलेली बाई मावशी आहे, तिला अजून काहीच माहीत नाही, तिला सांगायचं आहे. पुढच्या गाडीनं नणंद येणार, तिलाही माहीत नाही. ऐकणारी दर वेळी नवी आहे, म्हणून सांगणंही खरं आहे आणि त्याबरोबर येणारे डोळेही खरे आहेत. सुराचा तो हेल पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला आहे. त्याला चढ आहे, उतार आहे, कुठे थांबायचं ते ठरलेलं आहे. बाई त्यात शिरते आणि त्यातूनच बाहेरही येते. चहाचा कप हातात घेऊ शकते. भरतमुनींनी अश्रूंची गणना सात्त्विक भावांत केली आणि सत्त्व मनाच्या एकाग्रतेतून येतं असं सांगितलं. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला घाटंजीच्या माजघरातून लागला.

बाबांना मी सुट्टीत उत्तर दिलं. झडती वर्षातून एकदा म्हणतात, पुढच्या पोळ्याला भाव वेगळा असतो, झडती वेगळी असते. नाटक उद्या पुन्हा करायचं असतं, तेच, आणि त्यात स्वतःला संपू द्यायचं नसतं. त्यासाठी तीन वर्षं लागतात. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "मंग हे आपल्याकडल्या बायांले शिकवाले पायजे." तेव्हा मला वाटलं की ते माझा मान ठेवायला बोलताहेत.

ज्या घरातल्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली, त्या घरातल्या बाईला आपली गोष्ट किती वेळा सांगावी लागते, याचा विचार नाटक शिकवणाऱ्यांनी करायला हवा. पहिल्यांदा पोलीस येतात, पंचनामा होतो. मग तलाठी येतो. मग तहसील. कर्ज कुणाचं होतं, सातबारा कुणाच्या नावे, नवरा दारू प्यायचा का, घरात भांडण झालं होतं का. प्रकरण पात्र की अपात्र हे त्या उत्तरांवर ठरणार असतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. मग पत्रकार येतात, कार्यकर्ते येतात, अभ्यास करणारे येतात, निवडणूक असली तर पुढारी येतात. प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून हवी असते. कुठून सुरू करायचं ते विचारणारा ठरवतो, कुठे थांबायचं तेही तोच ठरवतो. तिथे हेल नाही, गळ्यात पडायला कुणी नाही. सात वर्षांची मुदत नाही. विद्यापीठातल्या नटाला ज्या गोष्टीपासून आम्ही जपतो ती गोष्ट या बाईकडून कागदाच्या एकेका तुकड्यासाठी करून घेतली जाते.

म्हणून 'तेरवं' या नाटकाबद्दल मला फार वाटतं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापेंनी दिग्दर्शित केलेलं हे नाटक वर्ध्याकडे उभं राहिलं. त्यात काम करतात त्या शेतकरी आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायका. आमच्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे त्यांतल्याच एक. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण रद्द झाल्यावर मोठा वाद उठला होता. शेवटी त्या व्यासपीठावरून उद्घाटन केलं ते वैशालीताईंनी. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. त्या दिवशीच्या भाषणाची महाराष्ट्रभर चर्चा झाली. बहुतेकांनी लिहिलं की एक साधी शेतकरी बाई किती धीटपणे बोलली. मला ते अपुरं वाटलं. ती बाई नटी होती. हजारो माणसांसमोर आपलीच गोष्ट उभं राहून सांगायची, नेमक्या जागी थांबायचं, पुढचं वाक्य घ्यायचं, हे काम तिनं तालमी करून मिळवलेलं होतं. धीटपणाला मी कमी लेखत नाही. पण धीटपणाच्या आड तिची विद्या झाकली गेली, आणि बाईच्या बाबतीत आपण हे नेहमी करतो.

या बायका रोज आपलं दुःख उगाळतात, हे त्यांना सोसतं कसं, त्यांच्याकडून हे करून घेणं बरं आहे का, असं मला माझ्या शहरातल्या मैत्रिणी विचारतात. प्रश्न योग्य आहे, मी तो टाळत नाही. खपली न धरलेल्या जखमेवर कुठल्याही दिग्दर्शकानं हात ठेवू नये. पण तहसीलच्या बाकावर सांगणं आणि रंगमंचावर सांगणं यांत मोठा फरक आहे. रंगमंचावर सुरुवात तिची असते. शेवट ठरलेला असतो. आजूबाजूला त्याच वाटेनं आलेल्या बाया असतात, एकीचा आवाज अडकला तर दुसरी तो उचलते. समोर बसलेल्याला प्रश्न विचारायची मुभा नसते; त्याला ऐकावंच लागतं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलनं प्रेक्षकाला उठवून नाटकात आणण्याची पद्धत बसवली, तिच्यावर आम्ही विद्यापीठात प्रबंध लिहिले. इथे तर जी माणसं नेहमी बाकावर बसून उत्तरं देत होती, तीच उठून उभी राहिली आहेत. शिक्षणानं मला जे दिलं तेच या बायांनी तालमीतून मिळवलं. वाट वेगळी, आणि जास्त खडतर.

आता मी जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांत कार्यशाळा घेते. पांढरकवडा, पुसद, वणी, दिग्रस. मुलं हुशार आहेत. कोलाम पोडावरच्या पोरांच्या अंगात दंडारीचा ताल आहे, बंजारा तांड्यावरच्या मुलींचे आवाज मोकळे आहेत. बारावीनंतर त्यांतली दोन-चार मुलं विचारतात, मॅडम, नाटक शिकायला कुठे जायचं? मी पुण्याचं, मुंबई विद्यापीठाचं, छत्रपती संभाजीनगरच्या नाट्यशास्त्र विभागाचं नाव सांगते, पदवी झाल्यावर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं सांगते. १९५९ पासून ते चालू आहे, तिथेही तीन वर्षं लागतात, शिष्यवृत्ती मिळते. मुलं वहीत लिहून घेतात. पुढच्या वर्षी त्यांतलं एखादं खोलीभाड्याचा आकडा ऐकून डी.एड.ला किंवा एखाद्या मोबाइलच्या दुकानात गेलेलं असतं. मुलींचं लग्न ठरलेलं असतं.

आमचा जिल्हा ज्या विद्यापीठात येतो त्याला गाडगेबाबांचं नाव आहे. नागपूरच्या विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणारा आणि मग रात्री कीर्तनात हजारो माणसांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढणारा तो माणूस, आणि खंजिरीवर अख्खं मैदान बांधून ठेवणारा दुसरा. विदर्भातल्या दोन विद्यापीठांवर दोन थोर प्रयोगकर्त्यांची नावं आहेत. आपण त्यांना संत म्हणून हात जोडले. त्यांनी श्रोत्यांशी बोलण्याची जी रीत घडवली ती अभ्यासाला लावायची राहिली.

यवतमाळला नाट्यशाळा हवी असं मी म्हणते तेव्हा लोकांना आधी इमारत दिसते, निधी दिसतो. मला एक लाकडी फरशीची खोली दिसते, एसटी स्टँडवरून पायी जाता येईल अशी. पहिल्या वर्षी आवाजाला झडत्या आणि खर्ज दोन्ही. दुसऱ्या वर्षी 'वाडा चिरेबंदी', आणि ते वाचायला पारव्याला जायचं. नाट्यशास्त्र, स्तानिस्लावस्की, ब्रेख्त हवेतच. ते नसतील तर पोरं आपल्याच गावाकडे दुरून पाहायला कधी शिकणार नाहीत. मुलींसाठी वसतिगृह आधी, प्रेक्षागृह नंतर.

शिकवायला इथे येणार कोण, असं हमखास विचारतात. पुण्या-मुंबईचे शिक्षक येतील, पंधरा दिवस राहतील, यायला हवेतच. पण एक तास 'तेरवं'मधल्या बायांचा असला पाहिजे. आपली गोष्ट पुन्हा सांगायची आणि सांगून घरी परत जायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. त्यांना बोलवायचं ते सत्काराला नको, शाल-श्रीफळ नको. त्यांची नावं शिक्षकांच्या हजेरीपटावर असावीत, येण्याजाण्याचं भाडं मिळावं, आणि मानधन त्याच दराचं असावं जे पुण्याहून येणाऱ्या पाहुण्या शिक्षकाला देतात, त्याच तारखेला.